एआयचं चित्र आणि आजीची शाळा



३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवसासाठी बरेच गट मुलींच्या शिक्षणावर चित्रांचं प्रदर्शन मांडतात. आता मोबाइलवर एआय आलंय. तोंडानं सांगायचं, की ते चित्र काढून देतं. ते वापरायला हरकत नाही. पण ते चित्र काढतं कसं, हे आधी समजून घेऊ या.

एआयनं शाळा कधी पाहिलेली नसते. इंटरनेटवरची कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्याखालचे शब्द यांवरून त्याला शिकवलेलं असतं. 'लायन-५बी' नावाच्या एका साठ्यात अशा ५८५ कोटी चित्रांचे पत्ते आणि वर्णनं होती. कोणत्या शब्दासोबत कसं चित्र येतं, हे त्यातून ते शिकतं. आपण 'शाळा' म्हटलं, की सुरुवातीला नुसते ठिपके असतात, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे. ते साफ करत करत शाळेचं चित्र तयार होतं.

म्हणजे त्यानं जे जास्त पाहिलं, तेच पुढे येतं. वाडीवरच्या शाळेचे फोटो इंटरनेटवर किती असणार? म्हणून मग नऊवारीचा काष्टा चुकतो, फळ्यावरची मराठी अक्षरं मोडकी येतात, हाताला सहा बोटंही येतात.

तेव्हा नुसतं 'शिकणारी बाई' असं सांगू नका. असं सांगा: 'नऊवारी नेसलेली म्हातारी, कंदिलाचा उजेड, सारवलेली जमीन, मांडीवर पाटी, दाराशी शेळी बांधलेली.' जितकं बारीक सांगाल, तितकं चित्र आपलं होईल. मग ते गटातल्या थोरल्या बायकांना दाखवा. "आमच्या वेळी असं नव्हतं," असं त्या म्हणाल्या, की काय नव्हतं ते विचारा. खरी गोष्ट तिथेच निघते. कुणाची शाळा पाण्याच्या हंड्यापायी सुटली, कुणाची धाकट्या भावाला सांभाळण्यापायी, कुणाची लग्नापायी. ते कारण एआयला ठाऊक नसतं. ते बाईनंच सांगायचं आणि चित्राखाली तिच्याच शब्दांत लिहायचं. चित्र कागदावर काढून घेतलं, तर फळ्यावरची अक्षरं हातानं लिहा.

आता जपायच्या गोष्टी.

पहिली, खोटा जुना फोटो. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या वर्गाचं चित्र एआय पिवळट, जुन्या फोटोसारखं करून देईल. ते प्रदर्शनात लावलं, तर पोरांना तो खराच फोटो वाटेल आणि मोबाइलवरून गावोगाव फिरेल. म्हणून खाली ठळक लिहा: 'हे चित्र एआयनं काढलेलं आहे, खरा फोटो नाही.' शेजारी खरा पुरावा मांडा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांनी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुक्ताचा चेहरा यंत्राकडून बनवून घेण्यापेक्षा तिचा निबंध मोठ्यानं वाचला, तर मुली जास्त ऐकतील.

दुसरी, आपल्या लेकींचे फोटो. चित्र बनवायला मुलींचे खरे फोटो एआयमध्ये टाकू नका. २०२४ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेला त्याच लायन-५बी साठ्यात ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे फोटो सापडले, काहींची तर नावंही. मुलांना आणि त्यांच्या आईबापांना त्याचा पत्ता नव्हता. एकदा बाहेर गेलेला फोटो परत आणता येत नाही.

तिसरी, चित्रकारांचा हक्क. आपली चित्रं न विचारता शिकवणीला वापरली, म्हणून अमेरिकेत २०२३ साली काही चित्रकार कोर्टात गेले. गावात चित्र काढणारी मुलगी असेल, तर पहिला कागद तिच्या हाती द्या. शिक्षणावरच्या प्रदर्शनात शिकणारीचा हात दिसायला हवा ना!

बैठकीत यावर बोला. कुणाच्या आजीची शाळा आधी काढायची, ते ठरवा. भेटू पुढच्या भागात.