शेजारच्या दारातली साखळी

वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरसारख्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं सकाळीच वावरात जातात. दाराला कडी लागते आणि अंगणातल्या कडुनिंबाला कुत्रा बांधलेला राहतो. साखळी जेमतेम दोन हात. सकाळी त्याच्या अंगावर असलेली सावली दुपारी पलीकडे सरकते, त्याला मात्र तिच्यामागे सरकता येत नाही. उन्हाळ्यात तर हाल विचारूच नका. मे महिन्यात विदर्भाचा पारा 45 अंशांवर जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून, जीभ बाहेर काढूनच तो अंग थंड ठेवतो, आणि त्यासाठी त्याला पाणी लागतं. त्याची पालथी पडलेली जर्मनची वाटी शेजारच्या माणसाला रोज दिसते. तो हळहळतो आणि गप्प राहतो, कारण काही समजुती आपल्याकडे फार घट्ट बसल्या आहेत.

पहिली समजूत: ज्याचा कुत्रा, त्याची मर्जी. हे खरं नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा आहे. त्याच्या कलम 3 नुसार जनावर ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर त्याच्या देखभालीची जबाबदारी आहे. कलम 11 त्याहून स्पष्ट आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावराला तासन् तास बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न सोडणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हे सगळे गुन्हे आहेत. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराचं लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदी यांचा भारही मालकावरच टाकला आहे.

मग तक्रार केली की काम झालं, असं वाटेल. तसंही होत नाही. या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेली रक्कम आजही तीच आहे, आणि ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस आपणहून अटक करू शकत नाहीत. खटलाही गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. मारहाण, उपासमार, उघडी जखम असं काही दिसत असेल तर तारखेसह फोटो काढून तक्रार जरूर करावी. पण निव्वळ दुर्लक्ष असेल, तर पन्नास रुपयांच्या दंडाने कुत्रा सुटत नाही. दोन घरांत वैर मात्र पडतं आणि त्याचा राग पुन्हा त्या मुक्या जिवावरच निघतो.

काही तरुण पोरं उतावीळ होऊन रात्री साखळी सोडून कुत्रा घेऊन जातात. हेतू चांगला असला तरी ती चोरीच आहे. शिवाय मालक दुसऱ्या दिवशी दुसरं पिल्लू आणून त्याच साखळीला बांधतो.

काम होतं ते दारात जाऊन बोलल्याने. पहिल्याच दिवशी कुत्रा मागायचा नाही. "काकाजी, तुम्हाला वावरातून यायला रात्र होते. दिवसा याला पाणी मी पाजू का?" इतकंच विचारायचं. पुढे कधी लांब दोरी नेऊन द्यायची, कधी संध्याकाळी फिरवून आणायचं. घरधनी दुष्ट असतोच असं नाही. मुलांनी हौसेनं पिल्लू आणलेलं असतं, मुलं शिकायला नागपूरला गेलेली असतात आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना ते झेपत नसतं. अशा घरातून एक दिवस आपणहून उत्तर येतं, "घेऊन जा बाप्पा, आमच्यानं नाही होत." घरधन्याचा मान राखून कुत्रा मागितला तर तो देतो, चारचौघांत क्रूर म्हटलं तर हट्टाला पेटतो. देताना मात्र दोन ओळींचा कागद लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. लसीकरणाचं कार्ड असेल तर तेही मागून घ्यावं.

"बांधलेला कुत्रा तिखट होतो, राखण चांगली करतो" हेही नेहमी ऐकू येतं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या पाळीव कुत्र्यांची तुलना झाली. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्यांमध्ये चावण्याची शक्यता जवळपास तिप्पट आढळली. पळायला जागा नसलेला जीव भीतीने दात लावतो, आणि बळी बहुधा घरातलं किंवा शेजारचं लहान मूलच असतं. राखणीचंच म्हणाल, तर वावरात रात्रीच्या जागलीला मालकासोबत असणारा, रानडुकरांवर मोकळा धावून जाणारा कुत्रा पाहा.

सर्वांत घातक समजूत म्हणजे कुत्रा लांब नेऊन सोडला की तो जगतो. वडनेर राष्ट्रीय महामार्ग 44 वर आहे, त्यामुळे "धाब्यावर सोडू, उष्टं-खरकटं मिळेल" हा विचार पटकन सुचतो. आयुष्यभर साखळीला राहिलेल्या कुत्र्याला ट्रक कळत नाही. तिथले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. उपासमार होईल अशा जागी जनावर टाकून देणं हाही कलम 11 खाली गुन्हाच आहे.

महात्मा गांधींनी 1926 मध्ये "यंग इंडिया"त मोकाट कुत्र्यांवर लेखमाला लिहिली, सेवाग्रामला येण्याच्या दहा वर्षं आधी. त्यातलं सगळंच आज पटेल असं नाही. पण मोकाट कुत्री आभाळातून पडत नाहीत, ती समाजाच्या बेफिकिरीतून तयार होतात, हा त्यांचा मुद्दा आपल्या जिल्ह्याने तरी विसरू नये.

वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम आहे. जखमी, आजारी जनावरं आणि वन्यप्राणी तिथे उपचारासाठी येतात. त्यांचा सल्ला जरूर घ्यावा. पण धडधाकट कुत्रा तिथे नेऊन टाकला, तर एखाद्या जखमी जनावराची जागा अडते. त्याच्यासाठी घरच शोधावं लागतं.

"मोठा झालेला गावरान कुत्रा दुसऱ्या घरी रुळत नाही" असं म्हणून लोक पिल्लूच मागतात. मोठा कुत्रा रुळतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. पहिले काही दिवस तो खाणार नाही, कोपऱ्यात बसेल, फट दिसली की जुन्या दाराकडे पळेल. म्हणून सुरुवातीला फाटक बंद ठेवायचं, बाहेर नेताना पट्टा हातात धरायचा, जेवण ठरल्या वेळी द्यायचं. नेण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस, जंताचं औषध आणि गोचिडांची तपासणी करून घ्यावी. आणि गावरान म्हणून कमी लेखायचं कारणच नाही. टाटा समूहाच्या मुंबईतल्या मुख्यालयाचं, बॉम्बे हाउसचं, 2018 मध्ये नूतनीकरण झालं, तेव्हा तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली बांधली गेली.

नवं घर मिळाल्यावर महिन्याभराने एकदा स्वतः जाऊन बघून या. तिथेही साखळीच दिसली, तर कुत्रा परत आणायची तयारी ठेवा. पण हे सगळं पुढचं झालं. उद्या सकाळी शेजारची माणसं वावरात निघतील, तेव्हा फाटकाशी जा, ती पालथी वाटी सरळ करून पाण्याने भरू का, एवढं विचारा.