वाताबाम्पो : किनारा, हरभरा आणि हरणाचा नाच

मेक्सिकोच्या वायव्येला, सोनोरा राज्याच्या दक्षिण टोकाला मायो नदी कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. तिथल्या सपाट, काळ्याभोर शिवारात वाताबाम्पो गाव आहे. पाहुणे येतात ते जवळच्या वाताबाम्पितो किनाऱ्यासाठी. लांबलचक वाळू, संथ पाणी आणि शेजारच्या यावारोस बंदरात उतरणारी तारलीच्या जातीची मासळी. एवढ्यावर सुट्टी सहज भागते, पण गाव पाहायचं राहून जातं.

ही भूमी मायोंची. ते स्वतःला योरेमे म्हणवतात. शिंपल्यांचे दागिने आणि लाल मातीची भांडी घडवणाऱ्या इथल्या प्राचीन संस्कृतीला पुरातत्त्वज्ञांनी वाताबाम्पोचंच नाव दिलं आहे. 1614 मध्ये जेझुइट पाद्री नदीकाठी आले. पुढे एकोणिसाव्या शतकात कालवे निघाले, जमिनींची मोजणी झाली आणि कसणारे मायो त्याच रानात मजूर झाले.

त्या रानात तेव्हा हरभरा पिके. आपल्या बाजार समित्यांत काबुली किंवा डॉलर म्हणून विकला जातो तसा टपोरा, पांढरा हरभरा. आजही परदेशी बाजारात भारतीय काबुलीला मेक्सिकोच्या दाण्याशी टक्कर द्यावी लागते. आल्वारो ओब्रेगोन हा इथलाच हरभरा उत्पादक. मायो भाषा त्याला लहानपणापासून येत होती. हरभऱ्याच्या शेतीसाठी त्याने स्वतः यंत्र तयार केलं. 1911 मध्ये तो गावचा नगराध्यक्ष झाला आणि मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत पुढच्याच वर्षी त्याने उभारलेल्या तुकडीत बरेच मायो होते. 1915 च्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. 1920 मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. 1928 मध्ये त्याची हत्या झाल्यावर त्याला वाताबाम्पोतच पुरलं. त्याच्यासाठी लढलेल्यांना जमिनीची आस होती. खोऱ्यातल्या जमिनींचं मोठं वाटप मात्र राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्या काळात, 1930 च्या दशकाच्या अखेरीस झालं.

सेनापती ओब्रेगोनचं स्मारक कुणीही दाखवेल. मायोंचा इतिहास पाहायचा तर ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आसपासच्या वाड्यांवर जावं लागतं. नवस बोललेले पुरुष केसाळ कातड्याचे मुखवटे चढवून फारिसेओ, म्हणजे बायबलमधले परुशी, होतात आणि मुखवटा चेहऱ्यावर असेपर्यंत बोलत नाहीत. पवित्र शनिवारी ते मुखवटे जाळले जातात.

सणांना हरणाचा नाच असतो. नाचणाऱ्याच्या डोक्यावर हरणाचं मुंडकं, हातात भोपळ्याचे खुळखुळे, पायांना पतंगाच्या सुकलेल्या कोशांच्या माळा. कोशात बारीक खडे भरलेले असतात. पाऊल पडलं की कोरडी सळसळ उठते. साथीला पाण्यावर उपडा तरंगणारा अर्धा भोपळा काठीने बडवतात. जेवायला वाकाबाकी : गोमांसाच्या हाडांचा रस्सा, त्यात भाज्या आणि हरभरा.

जवळचा विमानतळ सिउदाद ओब्रेगोनचा. त्या शहरालाही सेनापतीचंच नाव आहे. तिथून नावोहोआमार्गे रस्त्याने यावं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च बरा. उपवासकाळही साधारण तेव्हाच सुरू होतो. मात्र हरणाचा नाच म्हणजे पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ नव्हे, कुणाचा तरी नवस आहे. कॅमेरा काढण्याआधी परवानगी विचारावी आणि नाही म्हणाले तर तो पिशवीतच ठेवावा.