सिलिंडर रिकामा, तरी सराव चालू

10 मीटर स्पर्धेतल्या आजच्या एअर रायफली सिलिंडरमधल्या सुमारे 200 बार दाबाच्या हवेवर चालतात. नेम अचूक, धक्का नावापुरता. पण सील गळू लागलं किंवा हवा भरायची सोय नसली, की सराव ठप्प. म्हणून जोडीला साधी स्प्रिंगची रायफल हवीच, असं माझं ठाम मत आहे.

तिची नळी खाली दुमडली की पिस्टन मागे सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच पिस्टन पुढे झेपावतो, समोरची हवा क्षणात आवळली जाते आणि 4.5 मिलिमीटरचा छर्रा सुटतो. छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल मागेपुढे हिसके देते. त्यामुळे ती घट्ट आवळून धरली तर नेम हुकतो. सैल, पण दर वेळी अगदी तशीच धरावी लागते. हात घडवणारी ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

निवडताना वेगाच्या जाहिरातींना भुलू नका. मध्यम ताकदीची, सहज भरता येणारी घ्या. पिस्टनपुढे तेल सोडू नका, दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेतं. आणि छर्रा न घालता चाप कधीच ओढू नका: अडवायला हवा उरत नाही, पिस्टन थेट टोकावर आदळतो.