उष्टं, पाचट आणि हायड्रोजन

सातारा-सांगलीला गोबरगॅस काही नवा नाही. पण पंगतीतलं उष्टं, बाजारातली सडकी भाजी, फडातलं पाचट या सगळ्यांत हायड्रोजनही दडलाय. तो बाहेर कसा काढतात, ते पाहा!

शेणापेक्षा भात भारी
शेण म्हणजे जनावराने आधीच पचवलेला चारा, त्यात जोर थोडाच उरतो. फलटणमध्ये बरीच वर्षं काम केलेले डॉ. आनंद कर्वे यांनी हे हेरलं आणि पुण्याच्या 'आरती' संस्थेत खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र घडवलं. त्यांच्या हिशेबाने 40 किलो शेणाचं काम दोनेक किलो पिठूळ-गोड खाद्य करतं. 2006 मध्ये या संयंत्राला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

बनतो आणि लगेच संपतो
गोबरगॅसच्या टाकीतही हायड्रोजन तयार होतो, पण मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तो तिथल्या तिथे फस्त करतात.

उकळलं की निवड झाली
उपाय सोपा आहे. विरजणाची स्लरी आधी तापवायची. मिथेनवाले मरतात, हायड्रोजनवाले क्लॉस्ट्रिडियम जिवाणू बीजाणूंच्या रूपात तगून राहतात. पुढे टाकी जराशी आंबट ठेवली, की काम चालू.

द्राक्षातली साखर, 100 लिटर वायू
तासगावच्या द्राक्षात ग्लुकोज भरपूर. 180 ग्रॅम ग्लुकोजमधून जिवाणू फार तर 8 ग्रॅम हायड्रोजन देतात. वजनाला किरकोळ, पण जागा व्यापतो जवळपास 100 लिटर! बाकीची ऊर्जा आम्लांत उरते. ही आम्लं दुसऱ्या टाकीत सोडली, की मिथेन मिळतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शेतातल्या काडीकचऱ्यासाठी हीच दोन टप्प्यांची वाट धरली आहे.

पाचटाला हवी आच
कोरडं पाचट जिवाणूंना सहज पचत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी पाचट-बगॅसचा गॅसिफायर विकसित केला. हवा मोजकीच दिली, की पाचटाचा जळाऊ वायू होतो. त्यात हायड्रोजन असतो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही, म्हणून गळती अजिबात चालत नाही. हवेऐवजी वाफ दिली, तर हायड्रोजनचा वाटा आणखी वाढतो. मागे उरलेली कोळशाची भुकटी शेतात टाकता येते.

मिश्रणावर बस धावली
2020 मध्ये दिल्लीत 50 बसगाड्यांसाठी 18 टक्के हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीची चाचणी सुरू झाली. म्हणजे हायड्रोजन अगदी शुद्धच हवा असं नाही; मिथेनबरोबरही तो कामाला येतो.

पहिलं पाऊल आपलं
ओल्या कचऱ्यात प्लास्टिक आलं, की संयंत्र तुंबतं. म्हणून हॉटेल, मंगल कार्यालय आणि घर, तिन्हीकडे खरकटं वेगळं ठेवायला हवं. आणि फड पेटवण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: आपण इंधनच जाळून टाकतोय!