डोंगर किती तास दूर आहे?

दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस तुमच्या हाती आहेत असे समजा. अंगणातला मातीचा किल्ला बांधून झाला आहे, त्यावर मावळेही उभे राहिले आहेत, आणि आता एखादा खरा किल्ला पाहावा असे मनात येऊ लागले आहे. शहाडला राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. आपल्या स्टेशनातून आसनगाव-कसाऱ्याच्या लोकल जातात. वासिंद मागे पडले की डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. आपल्याच गावातून जाणारा मुरबाड रस्ता पुढे माळशेज घाटाकडे जातो आणि त्या वाटेवर नाणेघाट आहे. कसाऱ्याच्याही पुढे गेलात, तर महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे.

मग तीन दिवसांत तिन्ही डोंगर चढावेत का? पुष्कळ मुले असाच बेत करतात आणि तो बहुधा फसतो. कारण नकाशावर पाहताना आपण किलोमीटर मोजतो. डोंगरात मोजायची असते ती वेळ, आणि तीही उजेडाची वेळ. ती कशी मोजायची हेच आज पाहू. त्यासाठी तुमचे शाळेतले गणित आणि भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

नेस्मिथचा नियम

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वतातल्या पायवाटांवर पिवळ्या पाट्या लावलेल्या असतात. त्यांवर पुढचे ठिकाण किती तास आणि किती मिनिटांवर आहे ते लिहिलेले असते. हे शहाणपणाचे आहे. सपाटीवरचे ४ किलोमीटर आणि कड्याच्या वाटेवरचे ४ किलोमीटर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

हा हिशेब सोपा करून दाखवला तो विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने, १८९२ साली. त्याचा नियम आपल्या मापांत असा सांगता येईल : दर ५ किलोमीटर चालीला १ तास धरा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास मिळवा. मात्र हा नियम धडधाकट, सराव असलेल्या माणसाचा आणि थंड हवेतला आहे. विश्रांतीचा वेळ त्यात धरलेला नाही. आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा असतो, पाठीवर पिशवी असते, बरोबर धाकटी भावंडे असतात. म्हणून आलेल्या उत्तरात त्याच्या निम्मे आणखी मिळवावे.

आता माहुलीचे उदाहरण घेऊ. हाच तो किल्ला, जेथे १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे माघार घ्यावी लागली. उंची सुमारे ८५८ मीटर. आसनगाव स्टेशनपासून पायथ्याचे माहुली गाव सुमारे ५ किलोमीटर, म्हणजे सपाटीचा १ तास. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चाल ४ किलोमीटर आणि चढ ७०० मीटर धरू. चालीची ४८ मिनिटे, चढाची ७० मिनिटे, मिळून सुमारे २ तास. त्यात निम्मे मिळवले की झाले ३ तास. उतरायला अडीच तास धरा. घसरड्या वाटेवर उतरताना घाई करायची नसते.

सकाळी साडेसातला तुम्ही आसनगावला उतरलात, तर साडेआठला पायथा, साडेअकराला माथा, तासभर गड पाहून साडेबाराला परत, तीनला पायथा आणि चारला स्टेशन. अंधार पडायला अजून दोन तास शिल्लक! आता समजा, “जाऊ की सावकाश” असे म्हणून तुम्ही साडेदहाला उतरलात. बाकी सारे तसेच ठेवा. पायथ्याला पोहोचेपर्यंत सहा वाजतील. कोणाचा पाय मुरगळला किंवा एखादी वाट चुकली, की तुम्ही ऐन जंगलात अंधारात सापडलात. फरक फक्त तीन तासांचा, पण तोच सहलीचे संकट करतो.

दिवस किती मोठा?

उन्हाळ्यात चालून गेलेला बेत दिवाळीत का फसतो, याचे कारण सूर्याकडे आहे. आपल्या भागात २१ जूनला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. १ नोव्हेंबरला तो सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास मावळतो आणि उगवतोही उशिरा, साडेसहानंतर. जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा, तर नोव्हेंबरच्या आरंभीचा साडेअकरा तासांहून थोडा कमीच. आल्प्समध्ये हाच दिवस सुमारे १० तासांचा असतो आणि उंचावर बर्फ पडू लागलेले असते. म्हणून तिकडे शरद ऋतूत फिरणारे लोक घड्याळ फार जपतात.

एका बाबतीत मात्र त्यांचे नशीब आपल्यापेक्षा बरे आहे. सूर्य मावळल्यावर तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत वाट दिसण्याइतका संधिप्रकाश असतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ, १९ अंश अक्षांशावर राहतो. येथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो आणि हे ६ अंश २२-२३ मिनिटांत संपतात. आल्प्समध्ये तो तिरका उतरतो, त्यामुळे अर्धा तास मिळतो. आपल्याकडे अंधार झपकन पडतो असे म्हणतात, ते अगदी खरे आहे. शिवाय आसनगावकडची माहुलीची वाट डोंगराच्या पूर्व अंगाला आहे. सूर्य पश्चिमेला कलला की डोंगराचीच सावली वाटेवर पडते. पंचांगातला सूर्यास्त सहाचा असला, तरी झाडीतल्या वाटेवर त्याच्या बऱ्याच आधी कातरवेळ होते.

यावरून एक पक्का नियम करा. निघण्यापूर्वीच ‘परत फिरण्याची वेळ’ ठरवून कागदावर लिहा. सूर्यास्तातून दोन तास वजा करा, त्यातून उतरणीचा वेळ वजा करा. माहुलीसाठी हे उत्तर दीडच्या सुमारास येते. दीड वाजला की माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे फिरायचे. डोंगर कोठे जात नाही, तो पुढच्या सुट्टीतही तेथेच असतो.

देखावा केव्हा चांगला दिसतो?

उंचावरून किती दूरचे दिसते? उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येईल. माहुलीवरून क्षितिज सुमारे १०५ किलोमीटर दूर असते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, तेथून ते १४५ किलोमीटर दूर असते. पण क्षितिज दूर असले म्हणजे ते दिसतेच असे नाही. हवेतले धुलिकण आणि धुराचे कण प्रकाश विखुरतात आणि दूरचे डोंगर पांढुरके होत होत नाहीसे होतात.

पावसाळा ही धूळ धुऊन टाकतो. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. त्यानंतरच्या काही आठवड्यांत हवा बरीच स्वच्छ आणि रान अजून हिरवे असते. हीच सह्याद्री पाहण्याची उत्तम वेळ. त्यातही सकाळ अधिक चांगली. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. शहरांचा आणि कारखान्यांचा धूर या झाकणाखाली तळाशी अडकून राहतो. उंच माथ्यावर उभे राहिलात, तर खाली करडा थर दिसतो आणि त्यातून पलीकडची शिखरे स्वच्छ वर आलेली दिसतात. ऊन तापले की झाकण मोडते, धूळ वर चढते आणि सारा देखावा फिका पडतो. सकाळचे तिरपे ऊन घळीघळींत सावल्या पाडते, म्हणून कड्यांचा उठावही तेव्हाच चांगला दिसतो. म्हणजे लवकर निघण्याने जीवही सुरक्षित राहतो आणि डोळ्यांचे पारणेही फिटते.

ढग, वीज आणि पाणी

ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर कधीकधी मेघगर्जनेसह पाऊस येतो. तापलेली दमट हवा वर चढते आणि कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उंच उंच वाढू लागतात. असे ढग दिसले की माथा सोडा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा. उत्तर म्हणजे विजेचे किलोमीटरमधले अंतर. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर धोका जवळ आहे. अशा वेळी उघडा माथा, एकटे झाड आणि लोखंडी शिड्या यांच्यापासून दूर व्हा. कळसूबाईच्या वाटेवर अशा शिड्या आहेत, हे लक्षात असू द्या.

आता पाणी किती न्यावे? तुमचे आणि पिशवीचे मिळून वस्तुमान ५० किलोग्रॅम धरा. ७०० मीटर चढण्याचे कार्य ५० × ९.८ × ७००, म्हणजे ३ लाख ४३ हजार ज्यूल. पण आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच कामी लावतात. उरलेल्या तीन हिश्श्यांची, म्हणजे १० लाख ज्यूलहून अधिक ऊर्जेची, उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. १ लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे नुसत्या चढापायी ४०० मिलिलिटरांहून अधिक पाणी गेले. त्यात पायथ्यापर्यंतची चाल, उतरण, ऊन आणि न वाळता नुसताच ठिबकणारा घाम मिळवा. दिवसभरासाठी प्रत्येकी ३ लिटर पाणी ही चैन नव्हे, गरज आहे.

तीन दिवसांचा बेत

आता बेत आखू. पहिला दिवस नाणेघाटाचा ठेवा. मुरबाड रस्त्याने वैशाखऱ्याच्या पुढे उतरून सुमारे ६०० मीटरांचा चढ आहे. वाट कोकणातून, म्हणजे पश्चिमेकडून चढते, त्यामुळे सकाळी ती डोंगराच्या सावलीत असते. आपल्या नियमाने सुमारे ३ तास लागतील. वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात कोरलेले अंक भारतातल्या फार जुन्या अंकांपैकी आहेत, गणिताच्या विद्यार्थ्याने ते पाहायलाच हवेत.

दुसरा दिवस मोकळा ठेवा. पाय दुखत असतील तर विश्रांती घ्या. पहिल्या दिवशी पाऊस आला असेल, तर नाणेघाट या दिवशी करा. संध्याकाळी मोठ्या माणसांबरोबर कसारा आणि घोटीमार्गे बारी गावी मुक्कामाला जा. तिसऱ्या दिवशी पहाटे कळसूबाई. सुमारे ८०० मीटर चढ, साडेतीन तास धरावेत. दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. शहाडला ३४ अंश असतील, तेव्हा शिखरावर २३-२४ असतील. पहाटेच्या वाऱ्यात स्वेटर लागेलच.

माहुली राहिली? राहू द्या. घराजवळची आहे, एखाद्या रविवारी होईल. थोड्या दिवसांच्या सहलीत जागांची यादी लांबवण्यापेक्षा एक दिवस राखीव ठेवणे अधिक उपयोगी पडते, कारण पाऊस आणि ढग तुमच्या सुट्टीचे वेळापत्रक पाहून येत नाहीत.

निघताना वाट, बरोबरच्यांची नावे आणि परतीची वेळ लिहिलेला कागद घरी ठेवा. अनुभवी मोठे माणूस बरोबर असू द्या. विजेरी आणि शिटी घ्या. संकटात ११२ क्रमांक आहे, पण दरीत फोन लागेलच अशी खात्री धरू नका.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. एका गडाची वाट ६ किलोमीटर लांब आहे आणि चढ ९०० मीटर आहे. उतरायला ३ तास लागतात आणि सूर्यास्त ६ वाजता आहे. परत फिरण्याची वेळ कोणती? माथ्यावर तासभर बसायचे असेल, तर पायथ्यापासून उशिरात उशिरा किती वाजता निघायला हवे? उत्तर काढा आणि मगच पिशवी भरायला घ्या.