टेबल नंबर सात, नेहमीचंच!

महागड्या युरोपियन रेस्तराँमध्ये एकदा जाणं सोपं. कुणाचा तरी वाढदिवस, कुणाचं प्रमोशन... खरी गंमत नेमाने जाण्यात आहे. फक्त त्यासाठी खिसा आणि जीभ दोन्ही तयार करावे लागतात. आणि थोडा धीरही!

'रेग्युलर ऑर बॉटल्ड, मॅम?'

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी दचकले होते. रेग्युलर काय? मग कळलं, पाणी! साधं, फुकटातलं पाणी मागायला किती लाज वाटावी? मी 'बॉटल्ड' म्हणाले आणि ती बाटली बिलात बघून आठवडाभर हळहळले. डोंबिवलीची मुलगी, लोअर परळचं ऑफिस, क्लायंटबरोबरचं डिनर. त्या रात्री काय खाल्लं ते आठवत नाही. पुढ्यात तीन काटे होते, एवढं पक्कं आठवतं.

तरी मी परत गेले. का? कारण शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा एकटेच बसून, पेपर वाचत, पावाने प्लेटमधला सॉस पुसून खात होते. अगदी इराण्याकडे बसावं तसे. आपल्यालाही असं बसता यायला हवं, एवढंच डोक्यात होतं.

भिशी झिंदाबाद

पण पैसे? इथे कामाला आली आपली जुनी, घरगुती भिशी. ऑफिसातले आम्ही चौघं, दर आठवड्याला माणशी सहाशे. महिन्याचे नऊ हजार सहाशे झाले की दुसऱ्या गुरुवारी स्वारी निघते. कॉफीशॉपच्या चकरा कमी केल्या की एवढे निघतात, बॉस! गुरुवार अशासाठी, की शनिवारी त्या जागेत संगीताचा आवाज आपल्या गप्पांपेक्षा मोठा असतो. आणि कडकी असेल त्या महिन्यात रात्रीऐवजी दुपार. बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या मधल्या वारांना सेट लंच असतं. किचन तेच, शेफ तोच, बिल हलकं.

बिलाचा फंडाही समजून घ्या. स्वतंत्र रेस्तराँमध्ये जीएसटी ५ टक्के लागतो, बड्या पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्तराँमध्ये १८. आणि सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. आम्ही टिप मात्र देतो. रोख, हातात.

खरं तर आपल्याला ही चैन करता येते, तीच मुळी अशा स्वतंत्र जागांमुळे. पूर्वी मुंबईत असं जेवण म्हणजे प्रामुख्याने पंचतारांकित हॉटेलं. १९९९ मध्ये राहुल आकेरकरांनी कुलाब्यात 'इंडिगो' काढलं, पुढच्याच वर्षी खारला 'ऑलिव्ह' आलं, आणि लॉबी न ओलांडताही फाइन डाइन करता येतं हे शहराला कळलं. 'इंडिगो' २०१८ मध्ये बंद झालं. तिथे नेमाने जाणारे लोक आजही तिथल्या संडे ब्रंचबद्दल बोलतात, ते जुन्या चाळीबद्दल बोलावं तसं.

कच्चा भात!

आता जिभेचं. मी आयुष्यातला पहिला रिसोतो 'भात कच्चा आहे' म्हणून परत पाठवला होता. कॅप्टनने हसू न दाखवता तो नेलाही. नंतर समजलं, तो तसाच असतो. आर्बोरिओ तांदूळ, गरम स्टॉक पळीपळीने घालत अठरा-वीस मिनिटं हलवत राहायचं. बाहेरून खीर, आत दाताला किंचित लागणारा कण. आजीच्या गुरगुट्या भाताचा चुलतभाऊ म्हणा, पण जरा ताठ मानेचा. आता मला मऊ झालेला रिसोतो आला तर मीच नाक मुरडते!

वाइनचंही तसंच. ग्लासात घोटभर ओततात, ती तुम्हाला आवडली का हे विचारायला नव्हे. बाटली बिघडलेली नाही ना, बुचाचा कुबट वास येत नाही ना, एवढंच पाहायचं. वास घ्या, मान हलवा, संपलं. मी सुरुवातीला डोळे मिटून बिटून चिंतन करायचे...

पण हे सगळं पाचव्या-सहाव्या भेटीपर्यंत येतंच. त्यापुढचं मला आलं ते एका फोनमुळे.

त्या कॅप्टनशी आम्ही दोन वर्षं इंग्रजीत बोलत होतो. तो 'गुड इव्हिनिंग, मॅम', मी 'हाऊ आर यू'. दोघंही टापटीप. एका जूनमध्ये मी हात धुवायला गेले, तर पॅसेजमध्ये तो फोनवर होता : 'आये, पाऊस इलो काय गो थंय?'

माझं आजोळ कणकवली. मी तिथेच थांबले. त्याने फोन ठेवला, मला पाहिलं, चेहरा कावराबावरा. 'सॉरी, मॅम.'

'कुडाळचे काय?' मी विचारलं.

'नाय, वेंगुर्ल्याचो,' तो म्हणाला आणि लगेच सावरून, 'म्हणजे वेंगुर्ल्याचा.'

दोन वर्षं! आम्ही दोघं एकमेकांसमोर कुणाचं नाटक करत होतो? मला त्याची भीती, त्याला माझी. त्या दिवसापासून 'मॅम'ची 'ताई' झाले आणि तो 'दादा'. मेन्यू तोच राहिला, पण जेवण बदललं. जुलैत मी ग्रिल्ड रावस मागवला, तर दादा खाली वाकून हळूच म्हणाला, 'ताई, जुलैत ताजा रावस खयचो? बोटी बंद आसत.' खरंच की! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. मालवणी रक्ताच्या मुलीला हे कळू नये? त्याने गुपचूप मश्रूमचा रिसोतो आणला. नेमाने जाण्याचा फायदा विचाराल तर हाच. काय खावं ते मेन्यू सांगतो, काय खाऊ नये ते सांगायला आपलं माणूस लागतं.

गेल्या दिवाळीत आईला घेऊन गेले. तिने तीन काट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दादा आला, दोन काटे उचलून घेऊन गेला आणि म्हणाला, 'काकू, एक पुरे.' आईने रिसोतो संपवला. 'मीठ जरा कमी आहे,' म्हणाली. बिल मी तिला दाखवलं नाही.

जानेवारीत दादा क्रूझवर गेला. पगार बरा, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. शेवटच्या गुरुवारी आम्ही चौघांनी भिशीतले उरलेले पैसे पाकिटात घालून दिले. तो नको नको म्हणत राहिला.

आता सात नंबरच्या टेबलाशी नवीन मुलगा असतो. वही घट्ट धरलेली, शर्टाची कॉलर जरा मोठी.

'रेग्युलर ऑर बॉटल्ड, मॅम?'

'रेग्युलर,' मी म्हणते. 'आणि तुम्ही कुठले?'