तुमचा ब्लोअर एकरी किती पाणी टाकतो? मोबाईलवर काढा हिशोब

तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबाग असेल तर घरी ट्रॅक्टरचा ब्लोअर असतोच. पण "एकरी किती लिटर पडतं?" असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा टाकीत मिळतं, "एक टाकी तीन एकराला पुरते" असं. ते शेजाऱ्याच्या ब्लोअरचं उत्तर असतं. तुमचा गिअर वेगळा, नोझल वेगळे, मग पाणीही वेगळं पडणार. म्हणून आज बघूया ब्लोअरचं कॅलिब्रेशन. लागतं काय? मोबाईल, टेप, मोजपात्र आणि साधं पाणी.

१. वेग मोजा
बागेतच १०० फुटांवर दोन खुणा करा. टाकी अर्धी भरा. फवारणीला वापरता तोच गिअर आणि तोच आरपीएम ठेवा. ट्रॅक्टर खुणेच्या थोडा आधीपासून चालू द्या आणि स्टॉपवॉचवर वेळ घ्या. समजा ३० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला २०० फूट.

इथे जीपीएस स्पीडचं ॲप वापरू नका असं मी सांगेन. मोकळ्या आभाळाखालीही मोबाईलचं लोकेशन साधारण ५ मीटर इकडे-तिकडे होतं. एवढ्या कमी अंतराला टेपच खरा.

२. नोझल मोजा
पंखा बंद, पंप चालू. नेहमीचंच प्रेशर ठेवा. प्रत्येक नोझलला नळीचा तुकडा लावून एक मिनिट पाणी मोजपात्रात घ्या. १२ नोझल आणि प्रत्येकी १ लिटर, तर मिनिटाला १२ लिटर. एखादा नोझल नव्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी सोडत असेल तर तो झिजलाय, बदला. कमी सोडत असेल तर आधी साफ करून बघा.

३. कॅल्क्युलेटर उघडा
दोन ओळींतलं अंतर ९ फूट आणि प्रत्येक पट्ट्यातून ट्रॅक्टर जातो असं धरू.

२०० × ९ = मिनिटाला १,८०० चौरस फूट
४३,५६० ÷ १,८०० = एकराला २४.२ मिनिटे
२४.२ × १२ = एकरी सुमारे २९० लिटर

म्हणजे ६०० लिटरची टाकी दोन एकरांनाच पुरते. आता शेजाऱ्याचं ऐकून त्याच टाकीत तीन एकरांचं औषध टाकलं तर? प्रत्येक एकरावर जवळपास दीडपट डोस!

लेबलवर डोस हेक्टरी असेल तर २.४७ ने भागा. हेक्टरी ५०० मिली म्हणजे एकरी साधारण २०० मिली आणि तुमच्या टाकीला साधारण ४०० मिली. हा आकडा फोनच्या नोट्समध्ये गिअर आणि आरपीएमसकट लिहून ठेवा. गिअर किंवा नोझल बदलला की पुन्हा मोजा.

सातारकरांनो, पाठीवरचा पंप असेल तर?
आलं, सोयाबीनसाठी याहून सोपं आहे. ३३ × ३३ फूट म्हणजे एक गुंठा आखा. पंप काठोकाठ भरा, नेहमीच्या चालीने तेवढंच फवारा आणि पुन्हा काठोकाठ भरायला किती पाणी लागलं ते मोजा. त्याला ४० ने गुणलं की एकराचा आकडा. ५ लिटर लागले तर एकरी २०० लिटर. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, ती उतरली की प्रेशरही उतरतं.

एवढा खटाटोप कशाला?
युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा लागते. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षं तिकडे अडकली होती. तो प्रश्न ब्लोअरच्या मापाचा नव्हता, पण अवशेष किती महागात पडतात हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. नुसत्या कॅलिब्रेशनने माल पास होत नाही. मंजूर औषध आणि काढणीपूर्व कालावधी पाळावाच लागतो. पण डोसच दीडपट गेला, तर लेबलवरच्या दिवसांचा हिशोबही कोलमडतो.

पुढच्या फवारणीआधी अर्धा तास काढा आणि तुमचा आकडा किती आला ते घरात सगळ्यांना सांगा. औषध कालवणाऱ्याला तर नक्कीच!